थायरॉइड आणि लाळग्रंथीच्या गाठींची एफएनएसी: सुई टोचण्याआधीपासून रिपोर्ट वाचेपर्यंत

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून, स्लाइडवर पसरवून मायक्रोस्कोपखाली तपासणं. धार, खरगोन, झाबुआकडच्या नर्सिंग होममधून इंदूरच्या लॅबमध्ये येणाऱ्या थायरॉइडच्या स्लाइड्सवर अनेकदा नुसतं रक्त असतं. ‘नमुना अपुरा, पुन्हा तपासणी करावी’ असा रिपोर्ट जातो. मग पेशंटला पुन्हा बसचं भाडं, पुन्हा सुई, आणि मधल्या दिवसांत घरच्यांच्या जिवाला घोर. यातल्या बहुतेक चुका मायक्रोस्कोपखाली होत नाहीत. सुई गाठीत शिरल्यापासून स्लाइड अल्कोहोलमध्ये जाईपर्यंत जेमतेम एक मिनिट जातं, आणि नमुना बिघडतो तो त्या मिनिटात. म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्या मिनिटाबद्दल आणि त्याच्या आधीच्या तयारीबद्दल आहे.

सुई धरणारे डॉक्टर, रेसिडेंट आणि शेजारी स्लाइड घेऊन उभे राहणारे टेक्निशियन यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

१. सुई उचलण्याआधी गाठ समजून घ्या

थायरॉइडची गाठ असेल तर टीएसएच (थायरॉइडच्या कामाची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी आधी झालेली हवी. टीएसएच कमी आला असेल तर आधी आयसोटोप स्कॅन करा. स्कॅनमध्ये ‘गरम’ (आयसोटोप जास्त शोषणारी) दिसणारी गाठ क्वचितच कॅन्सरची असते. पण तिच्यातून पेशी भरपूर येतात आणि त्या फॉलिक्युलर निओप्लाझमसारख्या (कॅन्सर असू शकणाऱ्या थायरॉइडच्या गाठीसारख्या) दिसू शकतात, म्हणजे नको ते ऑपरेशन मागे लागतं.

सोनोग्राफीत दिसलेली प्रत्येक गाठ टोचायची नसते. एसीआर टायरॅड्स ही सोनोग्राफीवरून गाठीचा संशय मोजायची पद्धत आहे; टीआरचा आकडा मोठा तितका संशय जास्त. तिच्याप्रमाणे टीआर-३ गाठ २.५ सेंमी किंवा मोठी, टीआर-४ गाठ १.५ सेंमी किंवा मोठी आणि टीआर-५ गाठ १ सेंमी किंवा मोठी असेल तर सुई घ्यावी. चार गाठी असतील तर सर्वांत मोठीच घ्यायची ही सवय सोडा. सर्वांत संशयास्पद दिसणारी घ्या.

लाळग्रंथीच्या बाबतीत पहिला प्रश्न असा, की ही सूज खरंच ग्रंथीतली आहे का? कानाखालची सूज लिम्फ नोडची असू शकते, त्वचेतल्या सिस्टची असू शकते, नुसता मॅसेटर (चावण्याचा) स्नायू मोठा झालेला असू शकतो. जबड्याखालची गाठ दोन्ही हातांनी तपासा, एक बोट तोंडात आणि दुसरा हात बाहेरून. ग्रंथी दोन्हीकडून हाताला लागते, नोड बहुधा फक्त बाहेरून. जेवताना सूज वाढते का, हे विचारा. वाढत असेल तर खडा असण्याची शक्यता मोठी. चेहऱ्याची एक बाजू ओढली जाते का, गाठ दुखते का, डोक्याच्या किंवा चेहऱ्याच्या त्वचेवरचा कॅन्सर पूर्वी काढला होता का, हेही विचारून लिहून ठेवा. पॅरोटिडमधल्या (कानाजवळच्या लाळग्रंथीतल्या) नोडमध्ये तो पसरलेला असू शकतो, आणि ही एक ओळ फॉर्मवर नसेल तर वाचणारा भलतीकडेच शोधत बसतो.

इशारा: जबड्याच्या कोनाखालची गाठ हाताला ठोके देत असेल, किंवा आडवी हलते पण वर-खाली हलत नसेल, तर सुई घालू नका. आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). कॅरोटिड बॉडी ट्यूमर (मानेतल्या मोठ्या धमनीजवळची रक्ताळ गाठ) टोचला तर रक्तस्राव आवरणं कठीण जातं.

तपासा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? अ‍ॅस्पिरिनसाठी एफएनएसी सहसा थांबवावी लागत नाही. वॉर्फरिन असेल तर ताजा आयएनआर (रक्त किती लवकर गोठतं याची तपासणी) बघा आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. पेशंटला परस्पर गोळी बंद करायला सांगू नका.

२. पेशंट झोपण्याआधी टेबल पूर्ण मांडून ठेवा

स्लाइडवर थेंब पडल्यावर अल्कोहोलची बाटली शोधायला जाणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. पुढच्या वस्तू हाताच्या अंतरावर, झाकणं उघडून, याच क्रमाने ठेवा:

- सुया: थायरॉइडसाठी २५ किंवा २७ गेज, लाळग्रंथीसाठी २३ आणि २५, घट्ट किंवा चिकट गाठीसाठी एखादी २२. लांबी एक ते दीड इंच. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक.
- सिरिंज: १० मिलीची, सिस्टसाठी २० मिलीची. हँडल असेल तर उत्तम, नसलं तरी अडत नाही.
- स्लाइड्स: प्रत्येक टोचणीसाठी दोन, आणि दोन जादा. स्पिरिटने पुसून कोरड्या केलेल्या.
- कॉप्लिन जार (स्लाइड्स उभ्या बुडवायची बरणी): ९५ टक्के इथाइल अल्कोहोलने भरलेला, स्मिअर (स्लाइडवर पसरवलेला नमुना) पूर्ण बुडेल इतका.
- छोट्या बाटल्या: एकीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन (सेल ब्लॉकसाठी, म्हणजे पेशी मेणाच्या ठोकळ्यात बसवून काप घेण्यासाठी), दुसरीत १ मिली नॉर्मल सलाइन (वॉशआउटसाठी, म्हणजे सुई धुऊन ते पाणी तपासण्यासाठी). फॉर्मेलिनची बाटली मात्र झाकण लावून, स्लाइड्सपासून दूर ठेवा.
- गॉझ, स्पिरिट, पावडर नसलेले हातमोजे.

२६ गेजची अर्ध्या इंचाची सुई कपाटात हमखास सापडते, म्हणून ती वापरली जाते. ती बारीक आहे हे खरं, पण मान जाड असेल किंवा गाठ खोल असेल तर ती गाठीपर्यंत पोचतच नाही. स्लाइडवर स्नायू आणि चरबी येते आणि दोष पॅथॉलॉजिस्टच्या माथी जातो.

स्लाइडवर नाव, नोंदणी क्रमांक आणि बाजू आधीच लिहा, आणि पेन्सिलनेच. मार्कर पेनची आणि बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुतली जाते. उजवी-डावी अशा दोन गाठींच्या नाव पुसलेल्या चार स्लाइड्स समोर आल्या तर कोणाही तज्ज्ञाचा इलाज चालत नाही.

३. पेशंटची तयारी

उपाशी राहायची गरज नाही. संमतीपत्रावर सही घेताना ‘कदाचित दोन-तीनदा टोचावं लागेल’ हे आधीच सांगा. पहिल्या टोचणीनंतर अचानक सांगितलं की पेशंट घाबरतो आणि मान ताठ करतो.

थायरॉइडसाठी उताणं झोपवून खांद्याखाली उशी द्या. डोक्याखाली नको, खांद्याखाली, म्हणजे मान मागे जाऊन गाठ वर येते. वयस्कर माणसांची मान फार मागे नेऊ नका, चक्कर येते. पॅरोटिडसाठी तोंड विरुद्ध बाजूला वळवा.

इंदूरात येणारे बहुतेक पेशंट हिंदी बोलतात, तेव्हा सूचना त्यांच्या भाषेत आणि सुई आत जाण्याआधी द्या: ‘अब थूक मत निगलना, बोलना मत, साँस आराम से लेते रहना।’ आवंढा गिळला की थायरॉइड वर सरकतो आणि सुईचं टोक गाठीबाहेर जातं. म्हणून एकदा गिळायला लावा, थांबा, मग टोचा.

बधिर करण्याचं औषध या बारीक सुईला सहसा लागत नाही. दिलंच तर थोडं द्या आणि ते त्वचेतच राहू द्या. गाठीजवळ सोडलेलं औषध नमुन्यात मिसळून पेशी फुगवतं. सोनोग्राफीची जेली टोचायच्या जागेवरून पूर्ण पुसून काढा. सुईबरोबर आत गेलेली जेली स्लाइडवर जांभळ्या, दाणेदार थरासारखी रंगते आणि पेशी झाकून टाकते. स्पिरिट लावल्यावर त्वचा वाळू द्या.

४. थायरॉइडमध्ये सुई: कमी ओढा, लवकर बाहेर या

थायरॉइड हा रक्ताने गच्च भरलेला अवयव आहे. जास्त जोर लावून ओढलं तर जास्त माल येईल हा समज इथे उलटा पडतो. येतं ते रक्तच.

पहिली टोचणी सिरिंजशिवाय करा. सुईचा मागचा भाग पेनासारखा चिमटीत धरा. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत गाठ पक्की धरा, किंवा सोनोग्राफीच्या प्रोबखाली टोक गाठीत दिसू द्या. आत गेल्यावर सुई पुढे-मागे हलवा, सेकंदाला साधारण तीन वेळा, एकूण २ ते ५ सेकंद. हलवताना थोडं गोल फिरवलं तर सुईच्या धारदार तोंडाने पेशी सुटून येतात. सुईच्या मागच्या भागात रक्ताचा ठिपका दिसला की त्या क्षणी बाहेर या. ‘अजून थोडं’ म्हणून आत राहिलात तर आधी मिळालेल्या पेशीही रक्तात बुडतात.

मोठ्या गाठीच्या मधोमध टोचू नका. तिथे झीज झालेला, पाण्यासारखा भाग असतो. कडेचा भाग घ्या, आणि प्रत्येक टोचणी वेगळ्या जागी. जागेवरच पटकन रंगवून बघायची सोय असेल, टोल्युइडिन ब्लू किंवा झटपट जेम्सा, तर पुरेशा पेशी दिसल्यावर थांबा. नसेल तर किमान दोन, शक्यतो तीन टोचण्या, पाचाच्या पुढे नाही.

काहीच आलं नाही, गाठ कठीण आहे, तेव्हाच सिरिंज लावा, आणि तीही १ ते २ मिलीच ओढा. सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडून द्या. दाब तसाच ठेवून बाहेर आलात तर नमुना सिरिंजमध्ये उडतो आणि तिथून तो परत मिळत नाही.

इशारा: सुई बाहेर येताच कोणीतरी दुसऱ्याने ५ ते १० मिनिटं घट्ट दाब द्यावा. स्मिअर करणाऱ्याने हे काम अंगावर घेऊ नये. पेशंटला अर्धा तास बसवून ठेवा. मान सुजत असेल, श्वास अडत असेल किंवा आवाज बदलला असेल तर घरी सोडू नका.

५. लाळग्रंथीत सुई: इथे थोडा दाब लागतो

प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमाचा (लाळग्रंथीच्या एका साध्या गाठीचा) माल चिकट, जेलीसारखा असतो. २७ गेजच्या सुईतून तो चढत नाही. म्हणून २३ गेज आणि २ ते ३ मिलीचा हलका दाब. लिम्फ नोडसारखी मऊ गाठ वाटली तर मात्र बिनसिरिंजची २५ गेज बरी.

पॅरोटिडमधून चेहऱ्याची नस जाते म्हणून अनेक जण टोचायलाच घाबरतात. बारीक सुईने तिला कायमची इजा होणं फार दुर्मीळ आहे. पण गाठीबाहेर आडवी-तिडवी शोधाशोध करू नका. सुई एकदा गाठीत गेली की हालचाल त्याच रेषेत ठेवा. दिशा बदलायची असेल तर त्वचेपर्यंत मागे येऊन मगच बदला. ताप, लाली, पू असेल तर आधी संसर्गाचा उपचार, गाठ उरली तर नंतर सुई.

तपासा: हाताला ठळक गाठ लागते आणि स्लाइडवर फक्त नॉर्मल लाळग्रंथीच्या पेशी आहेत? मग सुई गाठीत गेलीच नव्हती. हा रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवायचा नाही.

६. थेंब ते स्मिअर: सर्वांत जास्त नुकसान इथे होतं

क्रम पाठ असू द्या. सुई सिरिंजवरून काढा, सिरिंजमध्ये हवा भरा, सुई परत लावा. सुईचं तोंड स्लाइडला जवळजवळ टेकवून, लेबलपासून साधारण १ सेंमी अंतरावर माल सोडा. वरून पिचकारी मारली तर थेंब उडून पसरतो आणि हवेतच वाळतो. थेंब बाजरीच्या दाण्याएवढा पुरे. मोठा पडला तर अर्धा दुसऱ्या स्लाइडवर घ्या.

दुसरी स्लाइड वर आडवी ठेवा, तिच्या स्वतःच्या वजनाने थेंब पसरू द्या आणि सरळ एका झटक्यात ओढा. बोटाने दाबलं की पेशी चिरडतात. लिम्फोसाइट तर इतके नाजूक, की स्लाइडभर निळे धागे उरतात आणि लिम्फोमा आहे की साधी सूज, हे सांगता येत नाही.

थेंब रक्ताळ असेल तर लगेच पसरवू नका. स्लाइड तिरपी धरा. रक्त खाली ओघळतं आणि बारीक पांढुरके कण जागेवर चिकटून राहतात. ते कण दुसऱ्या स्लाइडच्या कडेने उचलून नव्या स्लाइडवर घ्या आणि पसरवा. ही एवढीशी कृती अपुऱ्या रिपोर्टांची संख्या खरोखर कमी करते, आणि तिला पैसा लागत नाही.

प्रत्येक टोचणीतली एक स्लाइड ओली आणि एक कोरडी. दोन्हींचं काम वेगळं आहे.

ओली स्लाइड: पसरवल्याबरोबर, दोन-तीन सेकंदांत अल्कोहोलमध्ये, किमान १५ मिनिटं. तिच्यावर पॅप किंवा एच अँड ई रंग. पॅपिलरी कार्सिनोमाच्या (थायरॉइडच्या एका कॅन्सरच्या) केंद्रकातल्या खाचा, आतले पोकळ गोल आणि फिकट क्रोमॅटिन (केंद्रकातला डीएनएचा पदार्थ) इथे स्पष्ट दिसतं.

कोरडी स्लाइड: झटपट हवेत वाळवायची आणि मेथेनॉलमध्ये फिक्स करून जेम्सा. कोलॉइड (थायरॉइडमधला चिकट द्रव) आणि लाळग्रंथीच्या गाठींतला स्ट्रोमा (पेशींभोवतीचा आधारपदार्थ) यांच्यासाठी हीच लागते. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमाचा धागेदार, गडद गुलाबी-जांभळा पदार्थ आणि अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाचे रेखीव कडांचे गोळे यांतला फरक जेम्सावर नजरेत भरतो, पॅपवर दोन्ही फिकट पडतात. लाळग्रंथीच्या सगळ्याच स्लाइड्स अल्कोहोलमध्ये बुडवून पाठवणं म्हणजे निम्मं निदान फेकून देणं.

ऋतूकडे लक्ष द्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कोरडी स्लाइड हळू वाळते, पेशी आकसतात आणि केंद्रकं धूसर होतात. टेबलफॅन किंवा ड्रायरची थंड हवा लावा. स्पिरिट लॅम्पवर गरम करू नका. मे महिन्यात उलटी अडचण येते. छतावरचा पंखा पूर्ण वेगात असला की ओली म्हणून ठेवायची स्लाइड जारपर्यंत पोचण्याआधीच वाळते. तेव्हा छताचा पंखा बंद, आणि कोरड्या स्लाइडसाठी टेबलफॅन बाजूला. उघड्या जारमधलं अल्कोहोल उडतं आणि पाणी धरतं, म्हणून ते नियमित बदला.

७. सिस्ट, वॉशआउट, सेल ब्लॉक

पाणी निघालं तर पूर्ण काढा, सगळं पाणी लॅबला पाठवा आणि सेंट्रिफ्यूज करायला सांगा. मग जागा पुन्हा चाचपा किंवा प्रोब ठेवा. उरलेला घट्ट भाग असेल तर त्यात नवी सुई घाला. बहुतेकांची चूक इथेच होते: पाणी निघालं, गाठ बसली, पेशंट खूश, आणि भिंतीला चिकटलेला पॅपिलरी कार्सिनोमा तसाच राहिला.

पाण्याचा रंग लिहून ठेवा. थायरॉइडजवळच्या गाठीतून निर्मळ पाण्यासारखा द्रव आला तर पॅराथायरॉइड सिस्टचा विचार करा आणि त्यात पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) तपासा. पॅरोटिडमधून तपकिरी, गढूळ, जळक्या ऑइलसारखा द्रव आला तर वॉर्थिन ट्यूमर (पॅरोटिडची साधी गाठ) असू शकतो. घट्ट म्यूकस आला तर सावध राहा. पेशी दिसल्या नाहीत तरी लो-ग्रेड म्यूकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा बाजूला सारता येत नाही. मिलान पद्धतीत (लाळग्रंथीच्या एफएनएसीचे रिपोर्ट श्रेणींत मांडायच्या पद्धतीत) असा नमुना श्रेणी ३ मध्ये, म्हणजे अनिश्चित गटात जातो.

मानेतल्या नोडमध्ये थायरॉइड कॅन्सर पसरल्याची शंका असेल तर तीच सुई स्मिअरनंतर १ मिली सलाइनमध्ये धुऊन थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) तपासायला द्या. मेड्युलरी कार्सिनोमाची (थायरॉइडच्या आणखी एका कॅन्सरची) शंका असेल तर कॅल्सिटोनिन हे हार्मोन. लिम्फोमाची शंका असेल तर एक पूर्ण टोचणी सलाइनमध्ये, फ्लो सायटोमेट्रीसाठी (यंत्रावर पेशींचे प्रकार ओळखण्यासाठी), त्याच दिवशी. सेल ब्लॉकसाठीही वेगळी टोचणी ठेवा. स्मिअर करून उरलेल्या सुईत सहसा काही नसतं.

८. फॉर्म आणि पार्सल

फॉर्मवर हे हवंच: बाजू आणि नेमकी जागा, आकार, घट्ट की सिस्ट, टायरॅड्स, टीएसएच, किती दिवसांपासून, आधीची एफएनएसी किंवा ऑपरेशन. कार्बिमाझोल (थायरॉइडचं काम कमी करणारी गोळी) चालू आहे का, रेडिओआयोडीन किंवा रेडिएशन घेतलं होतं का, हे लिहिलं नाही तर त्यामुळे मोठी झालेली केंद्रकं कॅन्सरची वाटू शकतात.

इशारा: फॉर्मेलिनची बाटली आणि कोरड्या स्लाइड्स एकाच पिशवीत घालून बसने पाठवू नका. झाकण घट्ट असलं तरी वाफ निघते. धारहून निघालेलं पार्सल गंगवाल बसस्टँडवर उतरेपर्यंत त्या वाफेने स्लाइड बिघडवलेली असते आणि जेम्सा नीट चढत नाही. दोन पिशव्या, दोन डबे.

९. स्लाइड वाचताना

थायरॉइडच्या एफएनएसीचे रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीच्या सहा श्रेणींत मांडतात. पुरेशा नमुन्याचा तिचा नियम: नीट जपलेल्या, नीट दिसणाऱ्या फॉलिक्युलर पेशींचे किमान ६ समूह, प्रत्येकात निदान १० पेशी. अपवाद तीन. भरपूर घट्ट कोलॉइड असेल, ठळक सूज असेल किंवा पेशींत अ‍ॅटिपिया (संशयास्पद वेगळेपणा) असेल, तर संख्या मोजत बसू नका. लाळग्रंथीसाठी मिलान पद्धतीत गाठीतल्या किमान ६० पेशींचा अंदाज सुचवला आहे.

‘अपुरा’ आणि ‘साधी गाठ’ या दोन गोष्टींची गल्लत जिवावर बेतू शकते. बेथेस्डाच्या २०२३ च्या आवृत्तीत श्रेणी २, म्हणजे साध्या गाठीत, कॅन्सरचा सरासरी धोका ४ टक्के दिला आहे, आणि श्रेणी १, म्हणजे अपुऱ्या नमुन्यात, १३ टक्के. म्हणून नुसत्या सिस्टच्या पाण्यावर ‘कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. नमुना अपुरा आहे, हे पहिल्या ओळीत लिहा.

वारंवार चकवणाऱ्या जागा:

- हाशिमोटोमधल्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच थायरॉइडला आलेल्या सुजेतल्या) ऑन्कोसाइट, म्हणजे मोठ्या, दाणेदार पेशी पाहून ऑन्कोसायटिक निओप्लाझम लिहिणं. पार्श्वभूमीतले लिम्फोसाइट आधी शोधा.
- फॉलिक्युलर अ‍ॅडिनोमा की कार्सिनोमा, हे एफएनएसीवर ठरवायचा आग्रह. आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का, हे पूर्ण गाठ कापूनच कळतं. इथे बेथेस्डाची श्रेणी ४ (फॉलिक्युलर निओप्लाझम) हेच प्रामाणिक उत्तर.
- वॉर्थिन किंवा प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमातल्या स्क्वॅमस बदलाला स्क्वॅमस कार्सिनोमा म्हणणं.
- अ‍ॅसिनिक सेल कार्सिनोमाला नॉर्मल ग्रंथी समजणं. नॉर्मल ग्रंथीत द्राक्षाच्या घोसांसारखी रचना, नळ्या आणि चरबी असते. ट्यूमरमध्ये सैल पत्रे आणि उघडी केंद्रकं, नळ्या नाहीत.
- बेसलॉइड (लहान, गडद) पेशींच्या गाठीवर ठाम नाव लिहिणं. शंका असेल तर मिलानची ४-ब श्रेणी (साधी की कॅन्सरची हे अनिश्चित असलेली गाठ) द्या आणि सेल ब्लॉकवर इम्युनोस्टेन (पेशींतली ठराविक प्रथिनं दाखवणारा रंग) मागा.

१०. पुन्हा सुई घ्यायची वेळ आली तर

तीच कृती तशीच पुन्हा करून उपयोग नाही. आधीच्या स्लाइड्स काढून अपयशाचं कारण बघा. रक्त असेल तर सुई आणखी बारीक, दाब नाही. पेशी चिरडल्या असतील तर स्मिअर करणारा हात बदला. स्नायू आणि चरबी असेल तर सोनोग्राफीखाली, लांब सुईने. दुसरी टोचणी शक्यतो सोनोग्राफीखालीच करा आणि सेल ब्लॉक ठेवाच.

सोनोग्राफीत गाठ स्पष्ट संशयास्पद आणि रिपोर्ट मात्र श्रेणी २ असेल, तर रिपोर्टवर विसंबू नका. सर्जन, सोनोलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी फोनवर का होईना, बोलून घ्यावं. पॅरोटिडची गाठ वाढते आहे, चेहरा ओढला जातो आहे आणि रिपोर्ट साध्या गाठीचा आहे, तिथेही हेच.

ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट) मागवून जुन्या स्लाइड्सशी ताडून बघा. नोंदवहीत सुईचं गेज, टोचण्यांची संख्या, सोनोग्राफी होती की नाही आणि स्मिअर कोणी केला, हे चार रकाने ठेवा. नुसत्या सिस्टच्या पाण्याचे नमुने वगळून थायरॉइडचे अपुरे रिपोर्ट १० टक्क्यांच्या वर गेले, तर कारण बहुधा त्या चार रकान्यांपैकीच एकात सापडतं.